शेजाऱ्याची हरकत : घरजागेच्या तंट्यांविषयीं कांहीं विचार

१. प्रास्ताविक

जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाला लागून, मीना नदीच्या खोऱ्यांत, वारूळवाडी नांवाचें गांव आहे. पुणें-नाशिक रस्त्याच्या सान्निध्यामुळें व नारायणगांवच्या बाजारपेठेमुळें ह्या बाजूस वस्ती सारखी वाढत आहे. जुनीं मातीचीं घरें पाडून त्यांच्या जोत्यांवर सिमेंटचीं दुमजली घरें उठत आहेत. नवें घर उठूं लागलें म्हणजे त्याबरोबर शेजाऱ्याची हरकतहि उठते, हा क्रम आमच्या परिसरांतील बहुतेक गांवठाणांत दृष्टीस पडतो. पुष्कळ हरकती ओट्यावरच मिटतात, कांहीं ग्रामपंचायतींत जातात, आणि थोड्या दिवाणी न्यायालयांत जाऊन तेथें वर्षानुवर्षें राहतात.

अशाच एका तंट्यांत एक मोडी कागद वाचून दाखविण्याचा प्रसंग आम्हांवर आला. गांवाचें व घराण्यांचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. तालुका आमचाच, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. एका बोळाच्या दोन बाजूंस दोन घरें. त्यांपैकीं एका घराची जागा मूळ खरेदीदाराच्या वंशजांकडून एका बाहेरगांवच्या गृहस्थांनीं अलीकडे विकत घेतली व तेथें दुमजली घर बांधण्याचें योजिलें. दुसऱ्या घरच्यांनीं हरकत घेतली. हरकतीचीं कलमें दोन होतीं. बोळ आमचा आहे, तो नव्या भिंतीखालीं जातां कामा नये, हें पहिलें. आणि नव्या भिंतीनें आमच्या खिडकीचा उजेड जातो, हें दुसरें. तिसरें एक कलम अर्जांत नव्हतें, पण पारावर बोललें जात होतें. तें असें कीं, हे गृहस्थ ह्या आळीचे नव्हत. पेशवाईच्या उत्तरार्धांतील एक खरेदीखत दोन्ही पक्षांस मान्य होतें. त्याचा अर्थ मात्र दोन्ही पक्ष निरनिराळा करीत होते. कागद उलगडण्यापूर्वींच एकानें विचारलें, "गुरुजी, कागद आमच्याच बाजूनें बोलतो ना?" आम्हीं सांगितलें, "कागद आधीं वाचूं द्या; मग तो कोणाच्या बाजूनें बोलतो तें पाहूं."

त्या वाचनाची हकीकत शेवटीं देऊं. तत्पूर्वीं, शेजाऱ्याच्या हरकतीस आपल्या धर्मशास्त्रांत, मराठी राज्याच्या व्यवहारांत व नंतरच्या कायद्यांत काय स्थान होतें, ह्याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे. कारण तो विचार केल्यावांचून असल्या कागदाचें मोल कळत नाहीं. आमच्या संग्राहक बंधूंना शिक्क्यांचीं राजपत्रें प्रिय असतात. घरजागेचीं खतें बहुधा रद्दींत जातात. त्या खतांची थोडी वकिली करणें हाहि ह्या लेखाचा एक हेतु आहे.

२. वारूळ आणि सीमा

वारूळवाडी हें नांव ऐकलें म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक स्थळ सहज आठवतें. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सीमाविवादाचें प्रकरण आहे. तेथें सीमा कोणत्या खुणांनीं ओळखावी हें सांगतांना उंचवटे, कोळसे, कोंडा, वृक्ष, बांध, सखल जागा, हाडें व चैत्य ह्यांच्याबरोबर 'वल्मीक' म्हणजे वारूळ हेंहि सीमाचिन्ह म्हणून सांगितलें आहे. अमरकोशांत वल्मीकाला वामलूर व नाकु असे पर्याय आहेत. आमच्या ह्या वाडीचें नांव अशा एखाद्या सीमाचिन्हावरून पडलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास कागद पाहिजे. परंतु जमिनीवर वर दिसणारी, कोणी सहसा न मोडणारी, लोक जिच्या वाटेस जात नाहींत अशी खूण म्हणून वारुळाची निवड स्मृतिकारांनीं केली, ह्यांत त्यांची व्यवहारदृष्टि दिसून येते.

मनूनें खुणांचे दोन वर्ग केले आहेत. वड, पिंपळ, पळस, सांवर अशीं झाडें, तळीं, विहिरी, झरे, देवळें ह्या उघड खुणा; आणि दगड, हाडें, गाईचे केस, तूस, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू ह्या जमिनींत पुरून ठेवण्याच्या गुप्त खुणा. उघड खूण मनुष्य मोडतो, झाड तोडतो, वाहता ओढा पात्र बदलतो. म्हणून जी कुजत नाहीं ती वस्तु भुईंत पुरावी, असा त्यांतील आशय आहे. सीमेविषयीं लोकांत नित्य भ्रम होतो हें पाहून ही तजवीज सांगितली आहे, असें मनु म्हणतो. ही दृष्टि आजच्या मोजणीदाराच्या दगडाहून फार निराळी नाहीं.

महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा विधि केवळ शेतांपुरता नाहीं. शेतांच्या सीमेचा विधि सांगून झाल्यावर याज्ञवल्क्य स्पष्टपणें म्हणतो कीं, बाग, देवालय, गांव, पाणवठा, उद्यान, घर, तसेंच पावसाच्या पाण्याचा ओघ, ह्या सर्वांस हाच विधि समजावा. घर आणि पावसाचें पाणी हीं दोन्ही एकाच वचनांत यावीं हें ज्याला पागोळीचे तंटे ठाऊक आहेत त्याला नवल वाटणार नाहीं. ह्या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्य सहावा (इ. स. १०७६–११२६) ह्याच्या राज्यांत कल्याणी येथें, म्हणजे हल्लींच्या बसवकल्याण येथें, लिहिली, आणि पुढें ह्या देशांत व्यवहाराच्या बाबतींत तिला जें प्रामाण्य मिळालें तें इंग्रजी न्यायालयांपर्यंत टिकलें.

३. सामंत म्हणजे शेजारी

'सामंत' हा शब्द आज आपण मांडलिक राजा ह्या अर्थीं वापरतों. धर्मशास्त्रांत त्याचा मूळ अर्थ निराळा आहे. समंतात् म्हणजे सभोंवार असणारा तो सामंत, अर्थात् शेजारी. राजाच्या भोंवतालचा राजा तो सामंत राजा, आणि घराच्या भोंवतालचा गृहस्थ तो घरजागेच्या तंट्यांतील सामंत. शेत, विहीर, तळें, बाग व घर ह्यांच्या सीमेचा निर्णय सामंतांच्या भरंवशावर करावा असें मनूचें मत आहे. याज्ञवल्क्यानें त्यांच्या जोडीला वृद्ध, गुराखी, सीमेलगतचे शेतकरी व रानांत वावरणारे ह्यांची नांवें घातलीं आहेत. चार, आठ किंवा दहा सामंतांनीं तांबडीं वस्त्रें व तांबड्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन, सीमा चालून दाखवावी. खोटें बोलल्यास प्रत्येकास मध्यम साहसाचा दंड व्हावा.

येथें एक गोष्ट नजरेंतून निसटूं नये. शेजारी हा दोन भूमिकांत येतो. तो हरकत घेणारा पक्ष असतो, आणि तोच निर्णयाचा साक्षीहि असतो. ज्याला सर्वांत अधिक ठाऊक आहे त्याचाच स्वार्थहि सर्वांत निकट असतो. म्हणून साक्षीदारांची संख्या वाढविली, पोशाख व माती ह्यांच्या योगानें प्रसंगाला गांभीर्य आणिलें, आणि खोट्या साक्षीस दंड सांगितला. शेजाऱ्यावर विश्वास ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं, पण तो विश्वास उघड्यावर, सर्वांसमक्ष ठेवावा, हें त्यांतील तत्त्व.

कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री ह्यांनीं म्हैसूर येथें सन १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ह्या विषयावर फार मोलाचा प्रकाश पडला आहे. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत गृहवास्तूचा स्वतंत्र अध्याय आहे. वास्तूचे विवाद सामंतांच्या साक्षीनें चालावे, ह्या सिद्धान्तानेंच त्याचा प्रारंभ होतो. पुढील नियम आजच्या ग्रामसेवकासहि परके वाटणार नाहींत. दोन घरांमध्यें एक किष्कु किंवा तीन पद अंतर ठेवावें. दोन छपरांच्या वळचणींत चार अंगुळांची फट असावी, नाहीं तर एक छप्पर दुसऱ्यावर चढलेलें असावें. पाण्याची वाट तीन पद किंवा दीड अरत्नि दूर काढावी. न काढल्यास ५४ पण दंड. परक्याची भिंत पाण्यानें खराब करील त्यास १२ पण, आणि मलमूत्रानें करील त्यास दुप्पट. समोरच्याला त्रास होईल असें दार किंवा खिडकी ठेवल्यासहि दंड आहे. मात्र मध्यें राजमार्ग किंवा गल्ली असल्यास नाहीं. आणि ह्या सर्वांवर कळस असा कीं, घरमालकांनीं एकत्र जमून आपल्या इच्छेप्रमाणें करावें व जें अनिष्ट असेल तें वारावें, अशी मोकळीकहि दिली आहे. म्हणजे नियम आहेत, पण शेजाऱ्यांचा एकविचार नियमांच्या वर आहे.

ही बुद्धि एका देशाची नव्हे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यांत, इ. स. पू. ४५० च्या सुमारास, प्रत्येक घराभोंवतीं अडीच फूट जागा मोकळी ठेवावी असा नियम होता. आणि पुढील रोमन कायद्यांत शेजाऱ्यानें अमुक उंचीपलीकडे घर न चढविण्याचा हक्क व वळचणीचें पाणी पाडण्याचा हक्क, हे दोन्ही स्वतंत्र नांवांनीं ओळखले जात. जेथें भिंतीस भिंत लागते व पाऊस पडतो तेथें हा प्रश्न उत्पन्न होतोच.

४. भोग आणि बाध

सीमेचा निर्णय झाला म्हणजे तंटा संपतो असें नाहीं. जागा माझी, पण त्या जागेवर मीं काय करावें ह्यालाहि मर्यादा आहे. ह्या बाबतींत बृहस्पति व कात्यायन ह्यांचीं वचनें निबंधकारांनीं उद्धृत केलीं आहेत. घर वसलें तेव्हांपासून ज्यानें जें जितकें व ज्या रीतीनें भोगिलें तें त्याचें हलवूं नये. खिडकी, मोरी, ओटा, पन्हळ हीं पूर्वींपासून असतील तर तीं उठवूं नयेत. तसेंच शौचकूप, अग्नीचें स्थान, खड्डा व उष्ट्या पाण्याची जागा दुसऱ्याच्या भिंतीला अगदीं लागून करूं नये. कात्यायनाचीं विखुरलेलीं वचनें महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनीं सन १९३३ मध्यें एकत्र केलीं, आणि त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत (१९४६) व्यवहाराचें विवेचन आहे. जिज्ञासूंनीं तें मुळांतून पाहावें.

ह्या वचनांचें मर्म 'पूर्वींपासून' ह्या शब्दांत आहे. खिडकी आहे एवढ्यानें हक्क उत्पन्न होत नाहीं. ती आधींची आहे ह्यानें होतो. ह्यास आम्ही भोगाचा प्रश्न म्हणूं.

तिसरा प्रश्न बाधाचा. येथें याज्ञवल्क्याचें एक वचन आम्हांस सर्व प्रकरणाचें हृदय वाटतें. जो बांध थोडा त्रास देतो पण पुष्कळ कल्याण करितो, त्याला आडवूं नये. जी विहीर परक्याची थोडी जमीन घेते पण पाणी विपुल देते, तिलाहि आडवूं नये, असा त्याचा भाव आहे. स्मृतिकार केवळ हरकत घेणाऱ्याच्या पाठीशीं उभे राहत नाहींत. तुझें नुकसान किती, आणि समोरच्याचें हित किती, हें ते विचारतात. बांध व विहीर हीं लोकोपयोगी कामें होत, खाजगी घर तसें नव्हे, हें खरें. तथापि अल्प बाधाला मोठी हरकत शोभत नाहीं, एवढें तत्त्व घरासहि लागू पडण्यास प्रत्यवाय नसावा.

सीमा, भोग व बाध, अशीं हीं तीन परिमाणें झालीं.

५. मराठी राज्यांतील व्यवहार

मराठी अमदानींत गांवाचे दोन भाग मानीत : वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. पांढरींतील घरजागा हीहि काळींतील शेताप्रमाणें वतनाची, वाटणीची व खरेदीची वस्तु होती. तिचा तंटा प्रथम पाटील-कुळकर्ण्यापुढें, मग गोतापुढें किंवा मजालशीपुढें येई. दोन्ही वादी निवाडा मान्य करण्याविषयीं राजीनामे लिहून देत, जामीन देत, आपापली हकीकत करीन्यांत मांडीत, साक्षी होत, आणि शेवटीं जमलेल्या गोताच्या निशाण्यांसह महजर होई. जिंकणाऱ्यानें हरकी भरावी, हरणाऱ्यानें गुन्हेगारी भरावी, अशी रीत होती. ह्या पद्धतीचें साधार विवेचन वि. त्र्यं. गुणे ह्यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथांत (१९५३) आहे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं सन १८१९ मध्यें अहवाल लिहिला, त्यांतहि पंचाईत हेंच न्याय मिळविण्याचें मुख्य साधन होतें असें सांगून तिचे गुणदोष दोन्ही दाखविले आहेत.

शहरांत हें काम निराळ्या हातांत होतें. पुण्याच्या कोतवालाकडे चोरी-चहाडीच्या बंदोबस्ताबरोबर रस्ते, बोळ व घरें ह्यांच्या तंट्यांचा निकालहि सोंपविलेला होता, हें पेशव्यांच्या रोजनिशींवरून दिसतें. बोळाचा तंटा हा शांततेच्या भंगाचाच एक प्रकार आहे, हें पेशव्यांच्या कारभाऱ्यांस उमगलें होतें असें दिसतें. आणि ज्यानें बोळाचे तंटे पाहिले आहेत तो त्यांस दोष देणार नाहीं.

घरजागेच्या खतांत चतुःसीमा लिहीत : पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. घर खणांनीं मोजीत, जागा हातांनीं किंवा गजांनीं. आज नकाशा जें काम करितो तें चतुःसीमा करी. पण तींत प्रत्येक दिशेस शेजाऱ्याचें नांव असे. नकाशांत रेषा असते, चतुःसीमेंत माणूस असतो. शेजारी बदलला कीं खताचा अर्थ लागेनासा होतो, ही तिची उणीव. आणि शेजाऱ्याच्या स्मृतीवांचून खत पुरें होत नाहीं, हें तिचें मर्म.

६. भिंतीवरील हरकत आणि माणसावरील हरकत

आतांपर्यंत ज्या हरकती सांगितल्या त्या भिंतीवरील होत. दुसऱ्या जातीच्या हरकतीहि इतिहासांत आहेत. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. खर्च १६,११० रुपये आला. ह्या वाड्याचा उत्तरेकडील दरवाजा शाहू महाराजांस पसंत नव्हता, कारण तें तोंड दिल्लीकडे होतें, अशी परंपरा सांगतात. परंपरेची ही कथा खरी मानली तर ती हरकत उजेडाची किंवा पाण्याची नव्हे. घराच्या अर्थाची आहे. थोरामोठ्यांच्या बाबतींत अशा कथा राहतात.

परंतु सामान्य गांवांत ह्याहून कठोर हरकत शतकानुशतकें चालत आली, आणि ती एवढी सर्वमान्य होती कीं तिच्यासाठीं कागद करण्याचीहि गरज पडली नाहीं. पांढरींत कोणीं घर बांधावें व कोणीं बांधूं नये हें जातीनें ठरलेलें होतें. महारांची वस्ती गांवकुसाबाहेर. येथें विसंगति अशी कीं, गांवाच्या शिवेच्या वादांत महाराच्या साक्षीस विशेष वजन असे. शीव ठाऊक असणें हा त्याच्या वतनी कामाचाच भाग होता. ज्याच्या शब्दावर गांवाची शीव ठरावी, त्याचें घर त्याच गांवाच्या कुसाआंत होऊं नये! चोखामेळ्याचा अंत मंगळवेढ्यास गांवकूस बांधतांना तें कोसळून शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८, मध्यें झाला, अशी परंपरा आहे. गांवचें कूस बांधणारा कुसाबाहेरचा, ही गोष्ट आपल्या गांवगाड्याच्या इतिहासांत डोळ्यांआड करतां येणार नाहीं. 

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें सन १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली व देशांत कोठेंहि राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क नागरिकास दिला. सन १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यता पाळणें गुन्हा ठरविला. आणि सन १९५८ च्या कायद्यानें महारवतनासारखीं कनिष्ठ वतनें मुंबई राज्यांत रद्द झालीं. म्हणून माणसावरील हरकतीस आज कायद्यांत जागा नाहीं. स्मृतिकारांनीं सांगितलेल्या सीमा, भोग व बाध ह्या तीन कसोट्यांतहि 'हा कोण आहे' असा प्रश्न नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्याच स्मृतींत इतरत्र वर्णभेद भरपूर आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु सीमाविवादाच्या ह्या कसोट्यांत तरी भिंत, पाणी व वहिवाट ह्यांचीच चौकशी आहे.

७. इंग्रजी अंमल व नंतर

सन १८२७ च्या चवथ्या रेग्युलेशनान्वयें मुंबई इलाख्यांत लिखित कायदा नसेल तेथें प्रथम देशरिवाज, मग प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोहि नसेल तेथें केवळ न्याय व सदसद्विवेक पाहावा असें ठरलें. त्यामुळें पागोळी व खिडकी ह्यांचे जुने रिवाज न्यायालयांत शिरले. गुजराथेंत शेजाऱ्याच्या अंतःपुरावर नजर जाईल अशी नवी खिडकी काढूं नये, हा रिवाज मुंबईच्या हायकोर्टानें मान्य केला, तो ह्याच वाटेनें.

पुढें सन १८८२ चा पांचवा कायदा, म्हणजे सुविधाधिकारांचा कायदा झाला. तो सन १८९१ मध्यें मुंबई इलाख्यास लागू करण्यांत आला. त्यान्वयें उजेड, वारा किंवा वाट ह्यांचा उपभोग वीस वर्षें हक्कानें, शांतपणें व अखंड घेतला असेल तर तो हक्क पक्का होतो. मात्र त्या हक्काला बाध आल्याबद्दल भरपाई मागतांना नुकसान भरीव असलें पाहिजे. उजेडाच्या बाबतींत राहणाऱ्याच्या शारीरिक सुखास किंवा त्याच्या नित्याच्या धंद्यास खरोखर धक्का पोंचला पाहिजे. बृहस्पतीचा 'पूर्वींपासून' म्हणजे ह्या कायद्याचीं वीस वर्षें. याज्ञवल्क्याचा 'अल्प बाध' म्हणजे ह्या कायद्यांतील भरीव नसलेलें नुकसान. एकानें दुसऱ्याचें घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. दोघांनींहि भिंतच पाहिली, म्हणून दोघांना एकच गोष्ट दिसली.

हल्लीं गांवांत घर बांधावयाचें तर ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. सन १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमांत ही तरतूद आहे. गांवठाणांतील घरांस शेताप्रमाणें सातबारा नसतो. पुष्कळ ठिकाणीं ग्रामपंचायतीच्या आकारणीची नोंद हाच काय तो आधार असे. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें गांवठाणाची विमानयंत्रानें, म्हणजे ड्रोननें, मोजणी करण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० पासून 'स्वामित्व' ह्या नांवानें तशी मोजणी हातीं घेण्यांत आली. ही मोजणी भिंती दाखवील. बोळ कोणाचा हें मात्र ती आकाशांतून सांगूं शकणार नाहीं. त्यासाठीं कागद व वृद्ध हींच साधनें राहतील.

८. 'आपले' ह्या शब्दाचा अर्थ

आतां प्रारंभीं सांगितलेल्या खताकडे वळूं. खत विकणाऱ्यानें विकत घेणाऱ्यास लिहून दिलेलें. त्यांत चतुःसीमा सांगतांना दक्षिणेस 'आपले' घराचा बोळ आहे असा उल्लेख. नवें घर बांधणारे म्हणत, 'आपले' म्हणजे आदरार्थीं तुमचे, खरेदीदाराचे. तेव्हां बोळ जागेबरोबर विकला गेला. हरकतदार म्हणत, 'आपले' म्हणजे स्वतःचे, विकणाऱ्याचे. तेव्हां बोळ आमच्या पूर्वजांकडेच राहिला. मोडी वाचणाऱ्यांस ठाऊक आहे कीं जुन्या कागदांत दोन्ही प्रयोग आढळतात. पत्रांत 'आपण' म्हणजे समोरचा थोर गृहस्थ. करीन्यांत व खतांत 'आपण' म्हणजे बोलणारा स्वतः. दोन घरांचें भांडण एका सर्वनामावर येऊन थांबलें होतें.

आम्हीं दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, त्या खतांत खरेदीदाराला आरंभापासून शेवटपर्यंत 'तुम्ही' व 'तुम्हांस' असेंच म्हटलें आहे. आणि विक्री स्वखुशीनें केली हें सांगतांना विकणारा स्वतःसाठीं 'आपले' हाच शब्द वापरतो. एकाच हातच्या एका कागदांत एक शब्द दोन माणसांना लावण्यास कारण पाहिजे, तें नव्हतें. दुसरी गोष्ट चतुःसीमेच्या स्वरूपाची. पाणिनीनें 'आ' ह्या अव्ययाचे मर्यादा व अभिविधि असे दोन अर्थ भेदिले आहेत : एकांत अवधि बाहेर राहतो, दुसऱ्यांत आंत येतो. चतुःसीमेंत ज्या वस्तूचें नांव येतें ती मर्यादा होय. ती विकलेल्या जागेच्या बाहेर असते. उरलेल्या तीन दिशांस ज्या तीन घरांचीं नांवें होतीं तीं कांहीं विकलीं गेलीं नव्हतीं. मग चवथ्या दिशेचा बोळच तेवढा विकला गेला असें कसें म्हणावें? सबब बोळ विकणाऱ्याकडे राहिला, असें आम्हीं सांगितलें.

हरकतदारांचे चेहरे उजळले. पण कागद तेथेंच थांबला. खिडकीविषयीं त्यांत अक्षर नव्हतें. तेव्हां आम्हीं आळींतील वृद्धांस, म्हणजे सामंतांस, विचारलें. त्यांतील तिघांनीं एकमुखानें सांगितलें कीं, ती खिडकी मागें भिंत पावसानें खचली तेव्हां दुरुस्तींत काढलेली. त्यास वीस वर्षें झालेलीं नाहींत. विशेष हें कीं, ह्या तिघांपैकीं एक हरकतदारांच्याच भाऊबंदांतील होते. त्यांनीं तांबडें वस्त्र नेसलें नव्हतें कीं डोक्यावर माती घेतली नव्हती. पण आपल्या घराविरुद्ध खरें बोलतांना त्यांचा आवाज किंचित् कांपला, तो आम्हांस स्मृतींतील सर्व विधीहून थोर वाटला.

तिसऱ्या, न लिहिलेल्या कलमाविषयीं आम्हांस कोणी विचारलें नाहीं. तरी उठतांना आम्हीं एवढें सांगितलें कीं, ह्या खतांतील खरेदीदारहि ह्या आळींतला नव्हता. खतांतच त्याची वस्ती दुसऱ्या गांवची लिहिली आहे. हरकतदारांच्या पूर्वजांनीं त्यास जागा दिली व शेजारी करून घेतलें, म्हणून तर आज हा कागद आपणांपुढें आहे. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

बोळ मोकळा सोडून घर उभें राहिलें. नव्या छपराचें पाणी पन्हळीनें पुढच्या अंगणांत काढलें. खिडकींत उजेड पूर्वीपेक्षां कमी येतो, हें खरें आहे. दोन्ही पक्ष आमच्यावर थोडे थोडे रुष्ट आहेत. वाचन बरोबर असल्याचें तें एक गमक समजून आम्ही समाधान मानितों.

९. संग्राहकांस विनंती

शेवटीं जें सांगावयाचें तें इतिहासाच्या कागदांविषयीं. तें खत त्या घरच्या माळ्यावर, वेळूच्या नळींत होतें. घर पाडण्याच्या आदल्या आठवड्यांत नळी खालीं आली म्हणून कागद वांचला. आमच्या तालुक्यांत आज जीं जुनीं घरें पडत आहेत, त्यांच्या माळ्यांवर, देव्हाऱ्यांखालीं व कोनाड्यांत असलीं खतें, भाऊवाटणीचीं यादीपत्रें व महजरांच्या नकला असणारच. त्यांवर राजाचा शिक्का नाहीं, त्यांत लढाई नाहीं, म्हणून संग्राहक तीं घेत नाहींत. आणि घेतले तरी कोणत्या घरांतून आले हें लिहून ठेवीत नाहींत. हा दुसरा दोष पहिल्याहून मोठा आहे. घरापासून तोडलेल्या खतांतील चतुःसीमेला अर्थ राहत नाहीं. त्यांतील 'दक्षिणेस' म्हणजे कोठें, आणि 'आपले' म्हणजे कोणाचें, हें मग कोणासहि सांगतां येणार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. असा कागद हातीं आल्यास मूळ मालकाकडेच ठेवावा व आपण नक्कल घ्यावी. नकलेवर गांव, आळी, घराचें तोंड, चारहि दिशांच्या आजच्या शेजाऱ्यांच्या घरांची स्थिति व कागद मिळाल्याची तिथि लिहावी. आळींतील वृद्धांची साक्ष त्यासोबत टिपून ठेवावी. कागद दोनशें वर्षें टिकतो, वृद्ध टिकत नाहीं. आणि तंटा चालू असतां वाचन करावें लागल्यास जें कागदांत आहे तेवढेंच वाचावें, मग समोर आपला जुना विद्यार्थी बसलेला असला तरी. सीमाविवादांत डोक्यावर माती घेऊन चालण्याचा विधि आतां राहिला नाहीं. पण जुना कागद जो वाचतो त्याच्या डोक्यावर ती माती अजून आहे.